दोरवाल्याची बायको

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या घरी चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायचं काम आता माझ्याकडे आलं आहे. वडील होते तोवर ते टाकायचे. पुरणपोळीचा तुकडा, सांजोरी, आंब्याचा रस आणि वर तुपाची धार. घास निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज होतो, गोड धूर उठतो आणि त्या धुरात एकेक नाव घ्यायचं. शेजारी पाटावर मातीची नवी घागर भरून ठेवलेली असते, तिच्या तोंडावर डांगर. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. तिथे नावं संपतात. मग वडील म्हणायचे तेच मी म्हणतो, ‘आनी मांगला बठ्ठास्ले.’ आणि मागच्या सगळ्यांना.

हे मागचे सगळे कोण, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो चुलीपुढे नाही, जळगावच्या होस्टेलवर. परीक्षा संपली होती आणि खोलीत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती, जे. आर. आर. टोल्कीन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५ साली तीन भागांत आलेली. गोष्ट संपल्यावरही शंभरेक पानं उरली होती. त्यात कालगणना होत्या, लिप्या होत्या, आणि वंशावळी होत्या. माझ्या मित्रांनी ती पानं उघडलीसुद्धा नाहीत. मी मात्र तिथेच अडकलो. राजांच्या वंशावळीत मला फारसा रस नव्हता. मला धरून ठेवलं ते एका माळ्याच्या वंशावळीनं.

तो माळी म्हणजे सॅमवाइज गॅमजी. शायर नावाच्या मुलखातला, मालकाच्या बागेत राबणारा, मालकाबरोबर जगाच्या टोकापर्यंत चालत गेलेला. त्याच्या घराण्याचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी दिला आहे. सगळ्यात वर गॅमविच गावचा हॅमफास्ट. त्याचा मुलगा वाइजमन गॅमविच, ज्यानं गाव सोडलं आणि टायफील्डला बिऱ्हाड नेलं. त्याचा मुलगा हॉब गॅमिज, धंद्यानं दोर वळणारा. हॉबचा हॉबसन, हॉबसनचा पुन्हा हॅमफास्ट, आणि त्याचा सॅम. गॅमविच, गॅमिज, गॅमजी. मूळ गावाचं नाव माणसाला चिकटलं आणि पिढ्यापिढ्यांच्या जिभेवर झिजत आडनाव झालं.

खानदेशी कानाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे ‘ळ’ तोंडात टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. जळगाव होतं जयगाव, धुळे होतं धुये, अमळनेरचं अमयनेर, डोळ्याचा डोया. आणि ‘गॅमजी’ हे मी मनात वाचलं ते ‘गामजी’ असंच. उखाजी, नथुजी, भिकाजी यांच्या रांगेत बसणारं नाव. पांढरा फेटा, हातात काठी, पारावर बसलेला एखादा गामजीबाबा. इंग्रजी पुस्तकातलं हे एकच नाव मला परकं वाटलं नाही.

मुलखाचं नावही असंच असतं. १६०१ साली असीरगड घेतल्यावर अकबरानं आपल्या दानियाल नावाच्या मुलावरून या मुलखाचं नाव ‘दानदेश’ केलं. फर्मान निघालं, कागदावर चढलं. आज दानदेश कोण म्हणतं? खानदेश कान्हदेशातून आलं की इथल्या फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबातून, यावर वाद घालणारे अजून आहेत, पण नाव राहिलं ते लोकांच्या तोंडातलं. जे नाव हुकमानं लादलं जातं ते हुकमाबरोबर जातं. जे जिभेवर झिजतं ते उरतं.

टोल्कीन धंद्यानं भाषाशास्त्रज्ञ. ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, त्याआधी काही काळ ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या कामावर. त्यांच्या गोष्टी नावांतून उगवायच्या. आधी नाव सापडायचं, मग ते नाव धारण करणारा माणूस. मला त्यांच्याबद्दल वाचताना आमच्या धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरचे दिवस धुळ्यात काढले, १९२६ साली तिथेच देह ठेवला. गावोगाव पायपीट करून कागद गोळा करणारा हा माणूस शब्दांमागेही तितक्याच चिकाटीनं लागला होता. त्यांचा ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ चाळताना कळतं की रोजच्या वापरातलं साधं नाव ही किती खोल विहीर असते.

सॅमवाइज या नावाचंच बघा. जुन्या इंग्रजीत ‘साम’ म्हणजे अर्धा आणि ‘वीस’ म्हणजे शहाणा. सामवीस, अर्धवट शहाणा, भोळा. हा ‘साम’ संस्कृतातल्या ‘सामि’चा सख्खा भाऊबंद आहे, सामि म्हणजे अर्धं. आणि ‘वीस’ आपल्या ‘विद्’ धातूच्या कुळातला, वेद ज्यातून आला तो. बापाचं नाव हॅमफास्ट, म्हणजे घर धरून बसणारा. आपण त्याला घरकोंबडा म्हणू. घरकोंबड्याचा पोरगा अर्धवट शहाणा. टोल्कीन तर पुढे जाऊन सांगतात की ही इंग्रजी नावं म्हणजे त्यांनी केलेला अनुवाद आहे. त्या लोकांच्या स्वतःच्या बोलीत बाप रानुगाद होता, मुलगा बानाझीर, आणि आडनाव गाल्बासी, बोलताना गाल्प्सी.

असं नाव कुणी पोटच्या पोराला ठेवतं का, असं एका पुणेकर मैत्रिणीनं मला विचारलं होतं. खानदेशात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. आमच्याकडे उखर्डू आहेत, दगडू आहेत, कचरू, भिका, धोंडू आहेत. दोन-तीन लेकरं दगावलेली असायची, आणि चौथं जन्मलं की त्याला उकिरड्यावर क्षणभर ठेवायचं, कुणा बाईनं उचलून आणायचं, आईनं ओंजळभर धान्य देऊन ते ‘विकत’ घ्यायचं. नाव उखर्डू. नाक टोचलं की नथ्थू. हे लेकरू कुणाच्या डोळ्यात भरण्यासारखं नाही, याला नेऊ नका, असं सांगणारं नाव. आईबापाच्या मायेनं इतकं ओथंबलेलं दुसरं नाव मला माहीत नाही. बहिणाबाई चौधरींच्या वडिलांचं नाव उखाजी आणि नवऱ्याचं नथुजी. असोद्याच्या महाजनांची लेक, जळगावच्या चौधरींची सून. तिच्या आगेमागे ही अशी नावं आहेत.

माझं स्वतःचं नाव पणजोबांचं. आजोबांना हौस होती की आपला बाप घरात पुन्हा यावा. पण आजीची पंचाईत झाली. सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? आईचीही तीच अडचण, तिच्या तर ते आजेसासऱ्याचं. तेव्हा बारशाच्या संध्याकाळपासूनच मी ‘बापू’. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली आणि माझं नाव पुकारलं, तेव्हा मी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला खरोखर वाटलं, पणजोबा आले.

सॅमच्या घरीही हे होतं, म्हणून मला त्यांचं घर ओळखीचं वाटलं. सॅमला तेरा मुलं. पहिल्या मुलांना त्यानं सोबत्यांची नावं दिली, फ्रोडो, मेरी, पिपिन. चौथा मुलगा झाला तेव्हा बापाचं नाव, हॅमफास्ट. आमच्याकडे मित्राचं नाव बापाच्या आधी लागलं असतं तर भावकीत बोलणं झालं असतं. पण ज्यांच्याबरोबर मरणाच्या दारातून परत आलो ते भावकीतलेच, हेही खरं.

तर हॉब. हॉब गॅमिज, दोरवाला. गोष्टीत तो कुठेही येत नाही. गोष्ट सुरू होण्याच्या कितीतरी आधी तो होऊन गेला. तक्त्यात त्याच्या नावापुढे शायरच्या कालगणनेतलं जन्मवर्ष आहे, १२४६, आणि धंदा. बस. पण त्याचा दोर गोष्टीत येतो. सॅमचा थोरला काका अँडवाइज टायफील्डला दोर वळायचा, सॅमचा मोठा भाऊ त्याच्याकडे कामाला गेला. सॅम स्वतः माळी, तरी दोर दिसला की त्याचा हात आपोआप पुढे होतो. एल्फ नावाच्या लोकांच्या देशातून निघताना नावेत दोराची वेटोळी दिसतात, तेव्हा तो त्यांना विचारतो, हे कशाचे वळलेत. आपल्या घरात हा धंदा आहे म्हणून सांगतो. पुढे एका कड्यावर अडकल्यावर त्याला तो दोर आठवतो. तो वेटोळं सोडतो आणि हातावर मापत जातो, पाच, दहा, वीस, तीस.

हातावर दोर मापणारा माणूस मी पाहिला आहे. आजोबा असेच मापायचे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि प्रत्येक हाताला ओठ हलायचे. आमच्या विहिरीवर मोट होती ती मी पाहिलेली नाही, पण तिचा नाडा माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होता. मनगटाएवढा जाड, काळपट, मधे मधे चाकावर घासून चकाकणारा. त्याला नाक लावलं तर चामडं, तेल आणि जुन्या पाण्याचा वास यायचा. आजोबा म्हणायचे, हा माझ्या आजाच्या हातचा. त्यांच्या आजाला गावात दोरवालाच म्हणत. शेती होतीच, पण पोळ्याच्या आधी पंचक्रोशीतून लोक कासरे, दावी, मोरक्या वळून घ्यायला त्याच्या ओट्यावर येत. ‘तीन पेड घे, पीळ उलटा दे, सोडलास तरी उकलत नाही,’ हे त्याचं वाक्य आमच्या घरात चार पिढ्या चालत आलं आहे. त्या माणसाचं नाव मात्र आलं नाही. आगारीत तो ‘मांगला बठ्ठा’मध्ये होता.

ते नाव मला सापडलं वडील गेल्यावर. अस्थी घेऊन आम्ही नाशिकला रामकुंडावर गेलो. उपाध्यायांनी गाव विचारलं, तालुका विचारला, जात विचारली, आणि आतून फडक्यात बांधलेली लांबट वही आणली. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या. त्यांचं बोट पानावरून खाली खाली जात होतं आणि मी श्वास धरून होतो. आजोबांची सही होती, लंगड्या अक्षरात. त्याच्या मागच्या पानावर पणजोबांचा अंगठा. आणि त्याच्याही मागे, एका ओळीत, आजोबांच्या आजाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, भावांची नावं, मूळ गाव, आणि शेवटी ‘दोरवाले’. आडनाव नव्हतंच. आज आम्ही पाटील लावतो. त्या ओळीत पाटील नाही. त्या गावात त्या नावाचे आणखी असतील, म्हणून लिहिणाऱ्यानं ओळख पटावी इतकंच लिहिलं, दोरवाले.

मी तिथे घाटावर बसून रडलो. वडिलांसाठी रडणं बाकी होतं, ते त्या माणसाच्या नावावर आलं. मला हॉब सापडला होता.

घरी येऊन मी एक वही केली. तक्ता आखला, पुस्तकातल्यासारखा, वरून खाली. नावं भरली. आईला दाखवला. आईनं चष्मा लावून पूर्ण वाचला, बराच वेळ. मग म्हणाली, ‘आन बाया?’

मी नाशिकच्या वहीचा फोटो काढला होता, तो मोठा करून पुन्हा पाहिला. ओळीच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक शब्द होता. सहकुटुंब. म्हणजे ती आली होती. बैलगाडीनं असेल, पायी असेल, खानदेशातून नाशिकपर्यंत ती आली होती, त्याच घाटावर उतरली होती, आणि वहीत ती एवढीच उरली, सहकुटुंब.

त्या रात्री मी टोल्कीनचा तक्ता पुन्हा उघडला. इतकी वर्षं मी त्यात हॉबकडे पाहत आलो होतो. हॉबच्या नावाशेजारी जोडरेषा आहे आणि तिच्या टोकाला एक नाव, रोवन. हॉबची बायको. रोवन हे एका झाडाचं नाव. शायरमध्ये मुलींना फुलाझाडांची नावं देतात, आपल्या तुळसा, शेवंता, जाईसारखी. मी बोट तिच्या नावावर ठेवलं आणि वर सरकवलं. तिचा बाप हॉबिटन गावचा होलमन, ज्याला लोक ‘हिरव्या हाताचा’ म्हणत. म्हणजे लावील ते जगवणारा. तिचा भाऊ माळी. भावाचा मुलगा, तोही होलमन, मालकाच्या बागेतला म्हातारा माळी, आणि त्याच्याच हाताखाली सॅमचा बाप बागकाम शिकला. इंग्रजीत हे सगळं ‘कझिन’ या एका शब्दात गुंडाळलेलं असतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं. मराठीत मांडलं आणि लख्ख दिसलं: तो सॅमच्या आजाचा मामेभाऊ. गॅमजींच्या घरात बाग आली ती रोवनच्या माहेराहून. दोर हॉबचा, पण सॅम ज्या कामानं ओळखला जातो, ज्या कामावरून त्याच्या वंशजांनी पुढे ‘गार्डनर’ हे आडनाव लावलं, ते काम एका सुनेबरोबर घरात आलं.

रोवनची बहीण रोझ. ती कॉटमन नावाच्या माणसाला दिली, आणि तिच्या वंशात पुढे झाली रोझी कॉटन, जिच्याशी सॅमचं लग्न झालं. सॅमची पणजी आणि रोझीची पणजी सख्ख्या बहिणी. रोझीचं नावही त्या पणजीचंच. मी इतकी वर्षं हे पुस्तक वाचत आलो आणि सबंध गोष्टीत नसलेल्या या दोन बहिणी मला दिसल्या नव्हत्या.

कॉटन या आडनावाचा कापसाशी संबंध नाही, झोपड्यांच्या वस्तीशी आहे, असं टोल्कीननी स्पष्ट केलं आहे. पण गॅमजीचा आहे. बर्मिंगहॅमचे शल्यविशारद जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी १८८० साली जाळीच्या दोन थरांत कापूस घातलेली जखमेची पट्टी काढली, आणि तिला लोक गॅमजीच म्हणू लागले. टोल्कीन त्याच शहरात वाढले. लहानपणी त्यांच्या कानावर गॅमजी म्हणजे कापूस असंच पडलं होतं. म्हणून गॅमजींच्या पोराचं कॉटनांच्या पोरीशी लग्न लावताना त्यांना मौज वाटली. पुढे १९५६ मध्ये सॅम गॅमजी हेच खरंखुरं नाव असलेल्या लंडनच्या एका गृहस्थाचं पत्र त्यांना आलं. टोल्कीननी मोठ्या आपुलकीनं उत्तर दिलं आणि सही करून पुस्तकं पाठवली. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला मी, बोंडं वेचून बोटांची टोकं सोललेल्या बायांमध्ये वाढलेला. मला ही मौज घरची वाटते.

आईला मी विचारलं, दोरवाल्याच्या बायकोचं काही ऐकलंयस का? आईनं आजीकडून ऐकलं होतं, आजीनं तिच्या सासूकडून. नाव नाही, सासूचं नाव कोण घेणार? पण काम ठाऊक होतं. अंबाडी पाण्यात कुजत घालायची ती. आठ-दहा दिवसांनी गुडघाभर घाण पाण्यात उभं राहून वाक सोलायचा तो तिनं आणि जावांनी. तो वास अंगातून महिना महिना जात नसे, म्हणून लग्नाकार्यात त्या बाया मागच्या रांगेत बसायच्या. मग वाक धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा. आजोबांचा आजा ओट्यावर बसून पीळ द्यायचा तो त्याच्यानंतर. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. पीळ त्याचा असेल. सुंभ तिचा होता.

मी वहीतला तो तक्ता फाडला नाही, पण समोरचं पान कोरं सोडलं.

सॅम म्हातारा झाल्यावर आपल्या सगळ्या प्रवासाची हकिकत लिहिलेलं लाल पुस्तक कुणाला देतो? सात मुलगे असताना तो ते थोरल्या लेकीला देतो, एलानोरला. दूर देशातल्या गवतात उमलणाऱ्या छोट्या सोनेरी फुलावरून तिचं नाव ठेवलेलं. मुलगा होईल आणि फ्रोडो नाव ठेवू असं ठरलं होतं, मुलगी झाली म्हणून सॅम नाव शोधत बसला होता. शेवटचं त्याला पाहिलं तेही तिनंच. पुस्तक पुढे तिच्या सासरच्या घरी, तिच्या वंशात राहिलं, फेअरबेर्न या नव्या आडनावाखाली.

यंदा आखाजीला लेक घरी होती, तिच्या मांडीवर वही. मी आगारी टाकली, चार नावं घेतली. आता दोरवाला नावानं येतो. घागर भरून झाल्यावर आई चुलीपासून जरा बाजूला सरकून बसली, आणि लेकीनं तिला विचारलं, आजी, तुझी आई? आईनं सांगितलं. तिची आई? सांगितलं. तिची? सांगितलं, आणि तिचं माहेरसुद्धा. मला चुलीपुढे जिथे थांबावं लागतं त्याच्या कितीतरी पुढे ती गेली, न अडखळता, बोटांची पेरं मोजत. पाचव्या पेरावर ती थांबली.

‘नाव ठाऊक नाही,’ आई म्हणाली. ‘तापीकाठची होती. जात्यावर बसली की शेजारच्या बाया दळण घेऊन तिच्या दाराशी यायच्या, ऐकायला.’

लेकीनं नावाची जागा मोकळी ठेवली आणि पुढे लिहिलं, तापीकाठची, ओव्या म्हणणारी.